परसातील कोंबड्या आणि शिकारी पक्षी : ओळख, हानी व प्रतिबंध

गोव्यातील खेडेगावात परसदारी चार-सहा गावठी कोंबड्या नाहीत असे घर विरळाच. या कोंबड्यांना विकतचे खाद्य फारसे लागत नाही. अंगणातील दाणे, स्वयंपाकघरातील उष्टेखरकटे आणि पाचोळ्यातील किडे यांवर त्यांचे पोषण होते. अंडी व कोंबडे यांच्या विक्रीतून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो आणि मुलांची पुस्तके, औषधपाणी, सणावाराचा किरकोळ खर्च त्यातून भागतो. अशा घरी खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली, एकवीस दिवसांनी दहा पिल्ले बाहेर आली आणि पंधरवड्यात त्यांपैकी सहा नाहीशी झाली, तर ती हानी केवळ सहा पिल्लांची नसते. उबवणीस ठेवलेली अंडी वाया जातात, कोंबडी अंडी देत नाही तो काळ फुकट जातो आणि काही महिन्यांनी मिळावयाचे उत्पन्नही बुडते.

पिल्ले कशाने गेली, असे विचारले असता ‘घारीने नेली’ हे उत्तर ठरलेले असते. हे उत्तर काही वेळा बरोबर असते, पण अनेकदा ते केवळ अंदाजाने दिलेले असते. पिल्ले नेणारे प्राणी अनेक आहेत, आणि प्रत्येकाची वेळ, रीत व मागे राहणारी खूण निराळी आहे. शत्रू नेमका ओळखल्यावाचून केलेला उपाय निष्फळ ठरतो. विषासारखा उपाय तर निष्फळ ठरून थांबत नाही, तो घातकही ठरतो. म्हणून शिकारी पक्ष्यांपैकी कोणापासून खरोखर धोका आहे, कोण नाहक बदनाम झाले आहेत आणि कमी खर्चात पिल्लांचे रक्षण कसे करता येईल, याचा येथे विचार केला आहे.

घार आणि ब्राह्मणी घार

काळपट तपकिरी रंगाची, दुभागलेल्या शेपटीची घार सर्वांच्या परिचयाची आहे. मासळीबाजार, कत्तलखाने, उकिरडे व बंदरे यांच्या आसपास ती मोठ्या संख्येने आढळते. तिचे मुख्य अन्न म्हणजे टाकाऊ मांस, मासळीचे अवशेष, मेलेले उंदीर, बेडूक व मोठे कीटक. तिचे वजन सुमारे पाऊण किलो असते आणि पायांची पकड गरुडाइतकी बळकट नसते. त्यामुळे पूर्ण वाढलेली कोंबडी ती सहसा उचलू शकत नाही. मात्र तीस-पस्तीस ग्रॅम वजनाचे कोवळे पिल्लू उघड्या अंगणातून झडप घालून उचलणे तिला सहज शक्य असते.

घारीचा विणीचा हंगाम साधारणतः सप्टेंबर ते एप्रिल असा असतो. घरट्यातील पिल्लांना भरवावयाचे असल्याने या काळात तिची भक्ष्याची गरज वाढते आणि कोंबडीच्या पिल्लांवरील हल्लेही वाढतात. मुसळधार पावसाच्या किनारी भागातून पावसाळ्यात घारींची संख्या रोडावते व पाऊस ओसरल्यावर त्या परत येतात. दिवाळीच्या सुमारास अंडी उबवणीस घालणाऱ्या घरी पिल्लांची जपणूक अधिक कसोशीने का करावी लागते, ते यावरून ध्यानी येईल.

डोके, मान व छाती पांढरी आणि उरलेले अंग विटकरी तांबूस, अशी ब्राह्मणी घार नद्या, खाड्या, खाजण शेते व समुद्रकिनारा यांच्या आश्रयाने राहते. तिची शेपटी दुभागलेली नसून टोकाशी गोलसर असते. मासे, खेकडे, बेडूक हे तिचे खाद्य होय. कोंबडीची पिल्ले ती क्वचितच नेते.

शिक्रा

परसातील पिल्लांचा सर्वांत चतुर शत्रू म्हणजे शिक्रा. आकाराने तो कबुतराएवढा असतो. पाठ राखाडी, छाती-पोटावर तांबूस आडव्या रेघा आणि लांब शेपटीवर गडद पट्टे, अशी त्याची ओळख. पक्ष्यांच्या या कुळात मादी नराहून मोठी असते, तरीही शिक्र्याची मादी पाव किलोहून क्वचितच अधिक भरते. सरडे, उंदीर, खारी, लहान पक्षी व टोळ हे त्याचे नेहमीचे भक्ष्य.

घारीप्रमाणे आकाशात घिरट्या घालून तो आपल्या येण्याची वर्दी देत नाही. आंबा, फणस किंवा चिंच यांसारख्या दाट पानांच्या झाडात तो दडून बसतो, संधी साधून जमिनीलगत वेगाने झेपावतो आणि क्षणार्धात भक्ष्यासह झाडीत नाहीसा होतो. त्यामुळे गुन्हा शिक्र्याचा आणि आळ आकाशात फिरणाऱ्या घारीवर, असे वारंवार घडते. त्याची वीण मार्च ते जून या काळात होते, म्हणजे घारीचा जाच कमी होऊ लागतो त्या सुमारास शिक्र्याचा वाढतो.

या पक्ष्याच्या चपळाईचा उपयोग माणसाने पूर्वापार करून घेतला आहे. बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात श्येनविनोद, म्हणजे शिकारी पक्ष्यांकरवी करावयाच्या मृगयेचे वर्णन आहे. तितर व लाव्यांच्या शिकारीसाठी शिक्रा पाळण्याचीही चाल आपल्या देशात होती.

मोरघार

सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या रानालगतच्या तालुक्यांत आणि कुळागरांच्या परिसरात एका बलवान पक्ष्याची गाठ पडते. तो म्हणजे मोरघार. नावात घार असली तरी हा गरुडवर्गीय पक्षी आहे. डोक्यावर मागे झुकलेली लांब शेंडी, बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले पाय आणि रुंद पंख ही त्याची लक्षणे. रानकोंबडे, ससे व मोठे सरडे ही त्याची शिकार, आणि रानाच्या कडेला चरणारी गावठी कोंबडी त्याला रानकोंबडीहून वेगळी भासत नाही. पूर्ण वाढलेली कोंबडी दिवसाढवळ्या एखाद्या पक्ष्याने मारली असेल, तर संशय घारीवर न घेता प्रथम मोरघारीवर घ्यावा. तिची संख्या थोडी व वावराचे क्षेत्र विस्तृत असल्याने असे प्रसंग विरळाच घडतात. परंतु एकदा सुलभ शिकार मिळाली की ती त्याच ठिकाणी पुन्हा येण्याचा संभव असतो.

नाहक बदनाम झालेले पक्षी

मोरघारीसारखाच दिसणारा तुरेवाला सर्पगरुड रानावर उंच घिरट्या घालीत मोठ्याने शीळ घालतो आणि त्या आवाजाने अंगणातील कोंबड्या घाबरून सैरावैरा पळतात. प्रत्यक्षात साप व सरडे हेच त्याचे प्रमुख अन्न असल्याने तो शेतकऱ्याचा मित्रच ठरतो. किनाऱ्यावरील पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड मासे व समुद्रसर्प यांवर निर्वाह करतो. शेतावर एका जागी पंख फडफडवीत हवेत तरंगणारी लहानशी पांढुरकी कापशी घार उंदीर व टोळ टिपते. तिचा कोंबड्यांना उपद्रव नाही.

घुबडांविषयी गैरसमज त्याहून अधिक. देवळाच्या, चर्चच्या किंवा जुन्या घराच्या माळ्यावर राहणारे गव्हाणी घुबड जवळजवळ सर्वस्वी उंदीर-घुशींवर जगते. हे पारखण्याचा एक सोपा मार्ग आहे. घुबड भक्ष्य सगळेच्या सगळे गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी तोंडावाटे बाहेर टाकते. त्याच्या बैठकीखाली अशा गोळ्या पडलेल्या सापडतात. एखादी गोळी पाण्यात भिजवून काडीने उकलली असता आत उंदरांच्या कवट्या व दात दिसतात. शाळेतील मुलांकडून हा प्रयोग अवश्य करवून घ्यावा. गोळीस उघड्या हाताने स्पर्श करू नये व नंतर हात साबणाने धुवावेत. मोठे शृंगी घुबड मात्र उघड्यावर, झाडाच्या फांदीवर रात्र काढणारी कोंबडी कधीकधी नेते. रात्री खुराड्याचे दार बंद केले की तो धोका उरत नाही.

खुणांवरून शत्रू ओळखणे

नुकसान झाल्यावर प्रथम दोन प्रश्न विचारावेत. घटना दिवसा घडली की रात्री? आणि मागे काय उरले?

दिवसा उघड्या अंगणातून एकेक पिल्लू काहीही खूण न ठेवता नाहीसे होत असेल, तर घार, शिक्रा, कावळा, मुंगूस किंवा मांजर यांपैकी कोणीही त्यास जबाबदार असू शकेल. पहिल्या काही दिवसांच्या पिल्लांच्या बाबतीत कावळ्याचा संशय प्रथम घ्यावा, कारण तो घराजवळ सदैव असतो व मनुष्याला बिचकत नाही. जवळच झाडाखाली उपटलेल्या पिसांचा विखुरलेला ढीग आढळल्यास शिकारी पक्ष्याचे काम समजावे. शिक्रा व मोरघार भक्ष्य खाण्यापूर्वी त्याची पिसे उपटतात. पिसे दातांनी चावून तुटलेली व ओली असतील, तर मांजर, कुत्रा किंवा रानातील मांसाहारी पशू आला होता असे मानावे.

रात्री खुराड्यात शिरून एकाच वेळी अनेक कोंबड्या मारल्या असतील आणि बऱ्याचशा तशाच टाकून दिल्या असतील, तर ते काम पक्ष्याचे नव्हे. रानमांजर, जवादी मांजर अथवा मोकाट कुत्री अशी नासधूस करतात. अंडी समूळ नाहीशी होत असतील, तर धामण, नाग किंवा घोरपड यांचा माग काढावा. अंड्याला भोक पाडून आतील बलक खाल्लेला असेल, तर कावळ्याचा संशय धरावा.

यात आणखी एका कारणाकडे दुर्लक्ष होऊ नये. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, अथवा अन्य रोगाने मलूल झालेले पिल्लू कळपामागे रेंगाळते आणि तेच प्रथम बळी पडते. तेथे पक्षी निमित्तमात्र असतो, मूळ कारण रोग हेच. एकापाठोपाठ पिल्ले जात असतील, तर उरलेल्यांची जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. परिसरात अनेक कावळे, घारी किंवा कोंबड्या एकाएकी मरून पडल्याचे दिसल्यास त्यांना हात न लावता त्वरित दवाखान्याला कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्ल्यूचा देशातील पहिला प्रादुर्भाव आढळला, तेव्हापासून ही दक्षता अगत्याची झाली आहे.

करडे, ससे आणि कबुतरे

गरुड शेळीची करडे उचलून नेतात अशी समजूत सर्वत्र प्रचलित आहे. उडणारा पक्षी साधारणतः आपल्या वजनाहून बरेच कमी ओझे घेऊन उंच जाऊ शकतो. मोरघारीसारखा दणकट पक्षीदेखील दोन किलोच्या आतच भरतो. नुकतेच जन्मलेले सशक्त करडू दीड-दोन किलोचे असते. ते उचलून नेणे या पक्ष्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. घारी व कावळे गोळा होतात ते शेळीची वार पडते त्या ठिकाणी. अशा वेळी अशक्त किंवा एकटे पडलेले करडू असेल, तर कावळे त्याच्या डोळ्यांना व नाळेला टोची मारून इजा करतात. यासाठी शेळी विण्याच्या सुमारास तिला आडोशाला बांधावे, वार खोल पुरावी आणि करडाच्या नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे.

पाळीव ससे व कबुतरे यांना शिक्रा, मोरघार व शृंगी घुबड यांपासून धोका संभवतो. सशांचे पिंजरे छपराखाली असावेत. कबुतरांना सकाळ-संध्याकाळ ठराविक वेळीच सोडावे. व्हरांड्यात टांगलेल्या पिंजऱ्यातील लहान पक्ष्यांवर शिक्रा झेप घेतो व घाबरून गजांशी आलेल्या पक्ष्याला बाहेरूनच नखांनी पकडतो. म्हणून पिंजऱ्याच्या निदान दोन बाजू व वरचा भाग झाकलेला असावा. मांजराची व कुत्र्याची अगदी कोवळी पिल्ले तेवढी जपावीत. मोठ्या जनावरांना या पक्ष्यांची भीती नाही.

प्रतिबंधक उपाय

पहिला व सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पहिले सहा ते आठ आठवडे पिल्लांना उघड्यावर मोकळे न सोडणे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी विकसित केलेल्या वनराजा जातीची पिल्लेदेखील सुमारे सहा आठवडे बंदिस्त जागेत वाढवून मगच परसात सोडावयाची असतात. या जातीचा रंगीत पिसारा तिला पाचोळ्यात लपण्यास साहाय्यभूत होतो. पांढरीशुभ्र कोंबडी दुरून नजरेत भरते, हे परसासाठी जात निवडताना लक्षात ठेवावे. गावठी पिल्ले आईसह मोठ्या डालग्याखाली ठेवून डालगे दररोज नव्या जागी हलवावे, म्हणजे किडे व कोवळे गवत मिळते आणि संरक्षणही होते. याच काळात राणीखेत रोगाची लासोटा लस पहिल्या आठवड्यात व आर-२-बी लस आठव्या आठवड्याच्या सुमारास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टोचून वा पाजून घ्यावी.

दुसरा उपाय आडोशाचा. मोकळे व झाडून लख्ख केलेले अंगण दिसण्यास सुंदर असले तरी पिल्लांना तेथे लपावयास जागा नसते. चार खुंटांवर माडाच्या चुडतांचा विणलेला झाप हातभर उंचीवर बांधून असे दोन-तीन निवारे अंगणात थोड्या थोड्या अंतरावर करावेत. दाणे याच निवाऱ्यांखाली टाकावेत. झाप सहज उपलब्ध असल्याने या उपायास खर्च जवळजवळ नाहीच. जास्वंदीसारख्या खालून दाट वाढणाऱ्या झुडपांचाही असाच उपयोग होतो.

तिसरा उपाय जाळीचा. किनारपट्टीवर मासेमारीची जुनी जाळी अल्प किमतीत मिळतात. पिल्लांच्या आवाराच्या वर असे जाळे ताणून बांधल्यास घार व कावळा यांना मज्जाव होतो. जाळे सैल ठेवू नये, कारण सैल जाळ्यात पक्षी व साप गुरफटून मरतात. मुंगूस, घूस व साप यांच्यासाठी खालच्या भागाला अर्धा इंची तारेची जाळी लावून ती वीतभर जमिनीत पुरावी.

चौथा उपाय म्हणजे कळपात एक जाणता कोंबडा ठेवणे. कोंबडे धोक्याच्या प्रकारानुसार वेगवेगळे आवाज काढतात, असे प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासकांस आढळून आले आहे. आकाशातून येणाऱ्या शत्रूसाठी बारीक, लांबट किंकाळी असते आणि ती ऐकताच पिल्ले आडोशाला धावतात. जमिनीवरील शत्रूसाठी तुटक, मोठा कलकलाट असतो. हे आवाज ओळखण्यास घरातील माणसेही थोड्या सवयीने शिकतात. अर्थात इशारा मिळूनही आडोसाच नसेल तर त्याचा उपयोग होत नाही.

पाचवा उपाय भिववण्याचा, आणि त्याला मर्यादा आहेत. १९३७ साली नीको टिंबर्गेन व कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञांनी पक्ष्यांच्या पिल्लांवरून पुठ्ठ्याची एक आकृती फिरवली. एका दिशेने ओढली असता ती आखूड मानेच्या ससाण्यासारखी व उलट दिशेने ओढली असता लांब मानेच्या हंसासारखी दिसे. टर्कीची पिल्ले ससाण्याच्या आकृतीला अधिक भ्याली. पुढे १९६१ साली श्लाइट यांनी दाखवून दिले की वारंवार दिसणाऱ्या आकृतीची भीती ओसरते, अपरिचित आकृतीची टिकते. हाच नियम शिकारी पक्ष्यांनाही लागू पडतो. चमकणाऱ्या पट्ट्या, बुजगावणे किंवा टांगलेल्या बाटल्या यांना ते थोड्याच दिवसांत सरावतात. म्हणून अशा वस्तूंची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी व केवळ त्यांवर विसंबू नये.

शेवटचा उपाय स्वच्छतेचा. मेलेले पिल्लू कुंपणापलीकडे भिरकावणे, मासळीचे व कोंबडीचे टाकाऊ भाग रस्त्याकडेला टाकणे, म्हणजे घारी, कावळे व मोकाट कुत्री यांना घराची वाट दाखविणे होय. असे अवशेष खड्ड्यात चुना टाकून पुरावेत.

विष व सापळा का नको

नुकसानीने उद्विग्न झालेला एखादा पालक मेलेल्या पिल्लाला कीटकनाशक चोळून ते घारीसाठी उघड्यावर ठेवतो. हे विष कोण खाईल, यावर त्याचा ताबा राहत नाही. घरचा कुत्रा, शेजारचे मांजर, मुंगूस आणि स्वतःच्या कोंबड्यादेखील त्याला बळी पडतात, आणि मुलांच्या जिवालाही धोका पोचतो. एक घार मेली तरी तिची रिकामी झालेली जागा दुसरी घेते. अंगण उघडेच असल्याने पिल्ले जावयाची ती जातातच. शिक्रा व घुबडे नाहीशी झाली की उंदीर-घुशी मात्र वाढतात आणि त्यांचा उपद्रव कणगीतील भाताला व पिल्लांनाही पोचतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या पक्ष्यांची शिकार करण्यास मनाई आहे. कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेत बंदुकीने मारण्याबरोबरच विष घालणे, फासे व सापळे लावणे, तसेच पक्ष्यांची अंडी व घरटी यांची नासधूस करणे यांचाही समावेश होतो. जखमी किंवा जाळ्यात अडकलेला पक्षी आढळल्यास वन खात्याच्या जवळच्या कार्यालयास कळवावे.

पशुपालन व शिकारी पक्षी यांचा संबंध किती निकटचा आहे, हे गिधाडांच्या उदाहरणावरून दिसून आले. गिधाडे जिवंत जनावरे मारीत नाहीत, ती मृत जनावरांची विल्हेवाट लावतात. १९९० नंतरच्या काळात त्यांची संख्या झपाट्याने घटली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकडा नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. आजारी गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मृत्यूला कारण असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. ते औषध घेतल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनास बंदी झाली आणि २०२३ साली अॅसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन या औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली. कोणाच्याही मनात वैर नसताना केवळ अजाणतेपणी एवढा संहार घडला, हे ध्यानात घेतले म्हणजे जाणूनबुजून विष पसरविण्याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

महाभारतातील शिबी राजाच्या कथेत ससाणा कबुतराचा पाठलाग करीत येतो आणि आपल्या अन्नाचा हक्क मागतो. राजाने शरण आलेल्या कबुतराला अंतर दिले नाही, तसेच ससाण्यालाही अपराधी ठरविले नाही. पशुपालकाचे कर्तव्य याहून पुष्कळ सोपे आहे. त्याला स्वतःचे मांस तोलून द्यावयाचे नाही, फक्त आपल्या पिल्लांवर वेळेवर डालगे टाकावयाचे आहे.

सारांश

१. नुकसान झाल्यावर वेळ व खुणा पाहूनच शत्रू निश्चित करावा.
२. पिल्लांना सहा ते आठ आठवडे डालग्याखाली किंवा जाळीच्या आवारात ठेवावे व रोगप्रतिबंधक लस द्यावी.
३. सप्टेंबर ते जून या काळात, म्हणजे घार व शिक्रा यांच्या विणीच्या हंगामात, विशेष काळजी घ्यावी.
४. अंगणात झापांचे निवारे करावेत व दाणे त्याखालीच टाकावेत.
५. सायंकाळी सर्व कोंबड्या मोजून खुराड्यात घ्याव्यात व दार पक्के लावावे.
६. मेलेली पिल्ले, वार व टाकाऊ मांस पुरून टाकावे.
७. विष, फासे व सापळे यांचा वापर कटाक्षाने टाळावा.